साडूला विकलेला रिसीव्हर

"ताई, कळलं का? डॉक्टर आणि त्यांचे साडू यंदा पुन्हा एकाच लीगमध्ये!"

वहिनी कुंपणापलीकडून हे म्हणाल्या आणि मी टोमॅटोला घालत असलेलं पाणी बंद केलं. आमच्या एडिसनमध्ये कुणाचं घर विकलं गेलं, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या सासूबाईंचा व्हिसा अडकला, या बातम्या रोजच्याच. ही तशी नव्हती. गेल्या दिवाळीत ज्या दोन घरांत एकमेकांचा फराळ गेला नाही, ज्या दोन सख्ख्या बहिणी मंडळाच्या कार्यक्रमात हॉलच्या दोन टोकांना बसून नाटक बघतात, त्यांचे नवरे एका यादीत?

"कोणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी. काल रात्री व्हॉट्सॲपवर यादी पडली. बारा नावं. बारावं साडूंचं." वहिनी कुंपणाला आणखी खेटल्या. "पण मला एक सांगा, ते भांडण झालं कशावरून होतं? ह्यांना विचारलं तर म्हणतात, एका मुलावरून. मी म्हटलं, अगबाई, कुणाच्या?"

"गेब डेव्हिस," मी म्हटलं.

"कोण, तो कोपऱ्यावरच्या घरातला? मेडिकलला गेला तो?"

"नाही हो. बफेलो बिल्सचा वाइड रिसीव्हर. तेव्हा बिल्सचा होता."

वहिनींचा चेहरा पडला. मुलगा म्हटल्यावर त्यांना निदान एखादं पळून जाऊन केलेलं लग्न अपेक्षित असावं. पण त्या गेल्या नाहीत. साडूंचं नाव निघालं की वहिनी वरणाचा कुकर तीन शिट्ट्यांच्या वर गेला तरी हलत नाहीत.

आता त्यांना फुटबॉल अगदीच ठाऊक नाही असं नाही. रविवारी दुपारी एक वाजला की त्यांच्या दिवाणखान्यातल्या आरोळ्या आमच्या ओट्यापर्यंत येतात. आमच्या न्यू जर्सीत जायंट्स आणि जेट्स असे दोन संघ खेळतात, मैदान इथलं, ट्रॅफिक आमच्या माथी, आणि नाव मात्र दोघेही न्यूयॉर्कचं लावतात, हा त्यांचा जुना राग आहे. खरोखर न्यूयॉर्क राज्यात घरचे सामने खेळणारा संघ एकच, तो बफेलोचा. त्यामुळे बिल्स म्हटल्यावर त्यांना थोडी आपुलकी वाटली.

"पण तो बफेलोत खेळतो, तर हे दोघं एडिसनमध्ये कशाला भांडतात?"

मग मुळापासून सांगावं लागलं. फँटसी फुटबॉल म्हणजे कागदावरचा संघ. खऱ्या खेळाडूंमधून आपण आळीपाळीने माणसं निवडायची, तो ड्राफ्ट. मग दर आठवड्याला त्यांतले काही मैदानात उतरवायचे, बाकीचे बेंचवर. खऱ्या सामन्यात ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. आणि दर आठवड्याला समोर लीगमधला एकच भिडू. त्या आठवड्यात त्याच्यापेक्षा जास्त गुण झाले की जिंकलात.

"म्हणजे पुण्यात आमचा भाचा करायचा ते ड्रीम इलेव्हन."

"जवळपास. पण तिथे दर सामन्याला नवा संघ. काल घेतलेला माणूस आज विसरला तरी चालतं. इथे ऑगस्टमध्ये घेतलेला माणूस डिसेंबरपर्यंत सांभाळायचा असतो, नाहीतर कुणाला तरी देऊन दुसरा घ्यायचा. त्याला ट्रेड म्हणायचं. सगळी भांडणं ट्रेडमध्येच होतात."

हे वेड जुनं आहे हेही सांगितलं. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेले बिल विंकेनबाख संघाबरोबर पूर्वेकडे दौऱ्यावर आले होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून तीन टाळक्यांनी याचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट झाला.

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "पुरुषांना हॉटेलात एकटं सोडलं की असलंच काहीतरी निघतं."

आमच्या मंडळातली लीग निघाली ती मात्र गणपतीच्या मखराची कागदं कापताना. हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो, गणपतीही त्याच सुमाराला, त्यामुळे सजावटीची बैठक आणि ड्राफ्ट एकाच रात्री उरकतात. कुणाचं थर्माकोल कुणी चुकीचं कापलं त्यामागे पुष्कळदा तिसऱ्या फेरीतला रनिंग बॅक असतो. मी त्यात पडले कारण हिशेब ठेवायला कुणी नव्हतं आणि बँकेतल्या नोकरीने आकड्यांची भीती घालवलेली होती.

"आता त्या गेबचं सांगा," वहिनी म्हणाल्या.

गेबचं सांगायचं तर २३ जानेवारी २०२२ पासून सुरुवात करावी लागते. बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स, प्लेऑफचा सामना. डेव्हिसने ८ झेल घेतले, २०१ यार्ड, आणि ४ टचडाउन. प्लेऑफच्या एका सामन्यात टचडाउनचे चार झेल त्याआधी कुणीच घेतले नव्हते. एवढं करून बिल्स जादा वेळेत ४२–३६ असे हरले, तो भाग वेगळा. आमच्या लीगच्या नियमाने त्या एका सामन्याचे ५२.१ गुण होतात. झेलाला एक, दर दहा यार्डांना एक, टचडाउनला सहा.

"बाप रे. मग डॉक्टर जिंकले?"

"कसले जिंकतात! प्लेऑफचे सामने आमच्यात धरतच नाहीत. आमचा हंगाम डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीच्या सुरुवातीला संपतो. आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना तो खेळला आणि त्याचा एक गुणही कुणाच्या वहीत जमा झाला नाही."

पण माणसाच्या डोळ्यांत तो सामना राहिला. त्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी डेव्हिसला पाचव्या फेरीत उचललं. एकट्या डॉक्टरांना हसायला नको, त्या उन्हाळ्यात सगळ्या अमेरिकेत त्याचा भाव चढला होता. पहिल्याच सामन्यात रॅम्सविरुद्ध त्याने ४ झेल, ८८ यार्ड आणि एक टचडाउन दिला आणि डॉक्टर ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातऐवजी त्याचा फोटो टाकायला लागले. मग घोटा दुखावला, एक आठवडा बाहेर, परत आल्यावर दोन आठवड्यांत मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच झेल. फोटो बंद झाले. आणि ९ ऑक्टोबर २०२२ ला पिट्सबर्गविरुद्ध त्याने घेतले फक्त ३ झेल. त्या तिनांत १७१ यार्ड आणि २ टचडाउन. एक चेंडू तर स्वतःच्या गोलरेषेपाशी सुरू झालेला, ९८ यार्डांचा. सामना ३८–३ असा एकतर्फी.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," वहिनी म्हणाल्या. "होळीला एकदाच पुरणपोळ्या करतात, चाळीस माणसं वर्षभर त्यांचं नाव काढतात, आणि उरलेले दिवस ताट उचलून सिंकमध्ये ठेवायचं सुधरत नाही."

मी हसले, पण मुद्दा तोच होता. असा माणूस हातात असेल तर त्याला किती मोल द्यायचं? होळीच्या दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर काय सांगाल?

डॉक्टरांनी ओळखलं ते हेच. पिट्सबर्गच्या सामन्यानंतर सोमवारीच त्यांनी साडूंना फोन केला. डेव्हिस तुम्ही घ्या, तुमचा क्रिस गॉडविन मला द्या. गॉडविन टँपा बेचा. गुडघ्याचं मोठं ऑपरेशन होऊन नुकताच परतलेला, पाच-सहा यार्डांवर चेंडू घ्यायचा आणि पडायचा. बघायला कंटाळवाणा. साडूंनी दुपारच्या जेवणाआधी होकार दिला. मेहुणीच्या नवऱ्याने इतका मोठा मासा आपल्या ताटात का वाढला हा विचार त्यांनी केला नाही.

"डॉक्टरांनी फसवलंच मग," वहिनी ठामपणे म्हणाल्या. त्यांची सहानुभूती नेहमी धाकट्या बहिणीच्या घराकडे असते.

इथे माझं आणि सगळ्या मंडळाचं मत वेगळं आहे. हंगाम संपल्यावर मी दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. डेव्हिस: १५ सामने, ४८ झेल, ८३६ यार्ड, ७ टचडाउन. गॉडविन: तेवढेच १५ सामने, १०४ झेल, १०२३ यार्ड, ३ टचडाउन. आमच्या नियमाने डेव्हिसचे गुण १७३.६ आणि गॉडविनचे २२४.३. पन्नास गुणांचा फरक. यात डॉक्टरांनी दिवसाढवळ्या दरोडा घातला असंच दिसतं. पण साडू आमच्याकडे यायच्या आधी ज्या ऑफिसच्या लीगमध्ये खेळत, तिथे झेलाला गुणच नव्हता. फक्त यार्ड आणि टचडाउन. त्या नियमाने तोच हिशेब पुन्हा करा. डेव्हिस १२५.६, गॉडविन १२०.३. डेव्हिस पुढे!

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. "म्हणजे साडू चुकले नव्हते?"

"त्यांच्या जुन्या लीगमध्ये चुकले नसते. ते जुन्या दुकानाचा भाव घेऊन नव्या दुकानात आले."

आमच्याकडे लोक खेळाडूची चर्चा तासन्‌तास करतात आणि नियमांचं पान कुणी उघडत नाही. झेलाला गुण असला की थोडे थोडे चेंडू रोज घेणारा माणूस महाग होतो. गुण नसला की लांबचा एखादाच घेणारा वर येतो. अर्धा गुण देणाऱ्या लीगही आहेत, तिथे फरक निम्म्याहून कमी होतो, पण गॉडविन पुढेच राहतो. तोच माणूस, तेच पाय, तेच हात.

"पण सरासरी बघितली तर कळत नाही का?" वहिनींनी विचारलं. बाई हुशार आहेत, फक्त दाखवत नाहीत.

सरासरीवर माझा फार विश्वास नाही, आणि त्याला कारण २०१९. त्या वर्षी ह्यूस्टनच्या विल फुलरने ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध १४ झेल, २१७ यार्ड, ३ टचडाउन असा सामना खेळला. ५३.७ गुण. आता त्याचा सगळा हंगाम ऐका. ११ सामने, ४९ झेल, ६७० यार्ड आणि टचडाउन ३. म्हणजे वर्षाचे तिन्ही टचडाउन त्या एका दुपारी. त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या सॅमी वॉटकिन्सने पहिल्याच आठवड्यात जॅक्सनव्हिलविरुद्ध ९ झेल, १९८ यार्ड आणि ३ टचडाउन केले, आणि हंगाम संपवला तो १४ सामन्यांत ५२ झेल, ६७३ यार्ड, ३ टचडाउनवर. हे दोन हंगाम कुणी कार्बन पेपर घालून लिहिले की काय असं वाटतं.

फुलरची सरासरी निघते सामन्याला बारा गुण. तो एक सामना बाजूला ठेवला की उरलेल्या दहांची सरासरी आठ. वॉटकिन्सची जवळपास दहाची होते सात. बारा गुणांचा माणूस तुम्ही रोज खेळवता आणि खरं तर आठाचा माणूस रोज मैदानात असतो. आणि वाईट काय, तर त्या ५३ गुणांनी तुम्ही किती आठवडे जिंकता? एकच. चाळीस गुणांनी जिंकलात तरी एकच. उरलेले गुण पुढच्या आठवड्यात वापरता येत नाहीत, व्याज तर मिळतच नाही. म्हणून असल्या खेळाडूचे आकडे मी ओळीने लहानापासून मोठ्यापर्यंत लावते आणि मधला कुठला येतो ते बघते. मधला आठवडा कसा गेला, यावर लीगमधलं नशीब बरंचसं ठरतं.

वॉटकिन्सच्या मालकांचा छळ तिथेही संपला नव्हता. आमचे हंगाम संपले, बक्षिसं वाटून झाली, आणि मग हा गडी जागा झाला. टायटन्सविरुद्धच्या सामन्यात ११४ यार्ड आणि टचडाउन, सुपर बोलमध्ये आणखी ९८ यार्ड, आणि चीफ्सनी सुपर बोल जिंकला. ज्यांनी त्याला सप्टेंबरपासून सांभाळलं त्यांनी ते फक्त टीव्हीवर बघितलं.

"मग असल्या माणसाला घ्यायचंच कशाला?" वहिनींनी निकाल दिला. "ट्रेडचं राहू दे, तुम्ही फराळ का बंद झाला ते सांगा."

तिथेच येत होते. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये साडूंनी हट्टाने डेव्हिसलाच परत घेतला. भाव उतरला होता, आठव्या फेरीत मिळाला. आणि सुरुवातीला साडूंची छाती अशी फुगली की विचारू नका. दुसऱ्या आठवड्यापासून सलग चार सामन्यांत टचडाउन! मंडळाच्या बैठकीत त्यांनी डॉक्टरांना गॉडविनची ख्यालीखुशाली विचारली, ती सगळ्यांसमोर. मग डेव्हिसने आपला स्वभाव दाखवला. न्यू इंग्लंडविरुद्ध एक झेल. पुढच्या आठवड्यात नऊ. त्याच्या पुढच्याला शून्य. फिलाडेल्फियाविरुद्ध शंभरावर यार्ड आणि टचडाउन, मग चीफ्सविरुद्ध शून्य.

डिसेंबरात आमचे बाद सामने सुरू झाले. पंधराव्या आठवड्यात साडूंसमोर जो संघ होता तो अगदी लेचापेचा, निम्मी माणसं जखमी. साडूंनी डेव्हिसला उतरवला. बिल्सनी डॅलसला ३१–१० असं हरवलं आणि डेव्हिसला शून्य. साडू कसेबसे दोन गुणांनी वाचले. सोळाव्या आठवड्यात, उपांत्य फेरीत, समोर कोण? डॉक्टर. त्या वर्षी डॉक्टरांचा संघ लीगमध्ये सगळ्यात भारी होता. दोन शून्यं पाहून घाबरलेल्या साडूंनी डेव्हिसला बेंचवर बसवलं आणि एक भरवशाचा माणूस घेतला. त्या माणसाने भरवशाने नऊ गुण दिले. २३ डिसेंबरच्या शनिवारी रात्री डेव्हिसने चार्जर्सविरुद्ध ४ झेल, १३० यार्ड आणि टचडाउन केला. तेवीस गुण, बेंचवर. साडू अकरा गुणांनी हरले.

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तो असता तर तीन गुणांनी जिंकले असते!"

"आणि डॉक्टरांनी त्याच रात्री ग्रुपवर डेव्हिसचा फोटो टाकला. खाली लिहिलं, सुप्रभात."

"अरे देवा."

"फराळ तिथे संपला."

सगळं मंडळ म्हणालं, साडूंचं नशीबच फुटकं. मला ते पटत नाही. साडूंनी दोन्ही आठवडे उलटं केलं होतं, आणि हे सामने सुरू होण्याआधीच दिसत होतं. ज्या आठवड्यात तुम्ही भारी असता, तेव्हा तुम्हाला चमत्कार नको असतो, फक्त घोळ नको असतो. तेव्हा नऊ-दहा गुणांचा सरळ माणूस बरा. ज्या आठवड्यात समोरचा वीस गुणांनी वरचढ दिसतो, तेव्हा सरळ माणूस तुम्हाला सरळ हरवतो. तेव्हाच हा लहरी माणूस काढायचा. शून्य आलं तर हरणारच होतात, जास्त काय जाणार? पंचवीस आले तर डाव उलटतो. साडूंनी लेच्यापेच्यासमोर जुगार खेळला आणि पहिलवानासमोर हात आखडला.

दुसरी गोष्ट, ती दोन शून्यं. डॅलसच्या सामन्यातलं शून्य बघा. त्या दिवशी बिल्सच्या क्वार्टरबॅकने, जॉश ॲलनने, आख्ख्या सामन्यात १५ पास टाकले, ७ पोचले, ९४ यार्ड झाले. चेंडू सारखा जेम्स कुकच्या हातात होता आणि त्याने एकट्याने धावून १७९ यार्ड काढले. सगळ्या संघाला मिळून सात झेल मिळाले, त्यात डेव्हिसच्या वाट्याला काही आलं नाही, यात डेव्हिस बिघडला असं कुठे होतं? शून्य का आलं ते बघितल्याशिवाय शून्याला घाबरू नये. चेंडू त्याच्याकडे येतच नाही, का येतो आणि सुटतो, का तो मैदानातच नसतो, ही तीन वेगळी दुखणी आहेत. डॉक्टरसुद्धा ताप बघून एकच गोळी देत नाहीत. निदान आमचे देत नाहीत.

"मग तो चांगला का वाईट?" वहिनींना एका शब्दात हवं होतं.

एका शब्दात जमत नाही, म्हणून मी त्यांना माइक इव्हान्सचं नाव सांगितलं. तोही तेव्हा टँपा बेचा, गॉडविनचा जोडीदार. २०१९ मध्येच त्याने एका आठवड्यात जायंट्सविरुद्ध १९० यार्ड आणि ३ टचडाउन केले आणि दोनच आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर एकही झेल नाही. लहरीपणात तो डेव्हिसला हार जात नाही. पण त्याने पहिल्या अकराच्या अकरा हंगामांत हजार यार्ड पार केले. कारण त्याच्याकडे चेंडू येत राहतो. डेव्हिसच्या बाजूला स्टेफॉन डिग्ज होता. २०२२ मध्ये डिग्जने १०८ झेल घेतले, ॲलनची नजर आधी तिकडे. डेव्हिसकडे वर्षभरात चेंडू आले ९३, गॉडविनकडे १४२. इव्हान्सकडे चेंडू भरपूर, आणि कधी लागतो कधी नाही. डेव्हिसकडे चेंडूच कमी आणि आला तो लांबचा. डेव्हिसचा झेल सरासरी सतरा यार्डांचा, गॉडविनचा दहाचाही नाही. वरून इव्हान्स आणि डेव्हिस दोघंही लहरी दिसतात. पहिल्याला तीन आठवडे पडल्यावर स्वस्तात मागून घ्यावं. दुसऱ्याला मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विकावं. डॉक्टरांनी सोमवारी फोन केला तो यासाठी. मला त्यांचा तो फोटो आवडला नव्हता, पण फोन बरोबर होता.

आणि फसणारे आपणच असतो असं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये खुद्द जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी, ज्यांच्याकडे पगारी माणसं दिवसभर हेच बघत बसलेली असतात, डेव्हिसला तीन वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार दिला. त्या हंगामात त्याने २० झेल घेतले, २३९ यार्ड, २ टचडाउन, मग गुडघा गेला. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी त्याला सोडूनही दिलं. साडूंना निदान आठवी फेरीच गेली होती.

"हे त्यांना कुणी सांगितलं का?" वहिनी म्हणाल्या. "ऐकून बरं वाटेल बिचाऱ्यांना."

"तुमच्या ह्यांना सांगायला सांगा."

"आमचे हे? ते स्वतःच असला एक घ्यायला निघालेत. काल रात्री झोपेत कुणाचं तरी नाव घेत होते. मी आधी घाबरले, मग कळलं रिसीव्हर आहे. मागच्या वर्षी एका सामन्यात तीन टचडाउन केले म्हणे. पाचव्या फेरीत घेतो म्हणाले." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगा. घेऊ देत का?"

मी त्यांना विचारलं, बाकीच्या सामन्यांत किती केले? त्यांना माहीत नव्हतं. ह्यांनाही नसावं. गेल्या वर्षी चेंडू किती आले विचारलं, तेही नाही. शेजारी कोण खेळतो, क्वार्टरबॅक तोच आहे की बदलला? वहिनी म्हणाल्या, ह्यांना आमच्या लग्नाची तारीख फोन सांगतो, हे कुठून माहीत असणार.

मग मी भाव सांगितला, जसा मंडईत विचारल्यावर सांगतात तसा. आमच्या लीगमध्ये झेलाला पूर्ण गुण आहे, तेव्हा असा माणूस नवव्या फेरीच्या आधी नको. आधीच्या आठ फेऱ्यांत रोज जेवायला घालणारी माणसं भरावीत. झेलाला गुण नसता तर सातव्यात चालला असता. आणि त्या दुसऱ्या प्रकारच्या लीगमध्ये, बेस्ट बॉल म्हणतात त्यात, जिथे आठवडा संपल्यावर तुमच्या सगळ्या माणसांतले सगळ्यात जास्त गुणवाले आपोआप मोजले जातात, तिथे सहाव्यात घेतला तरी माझी हरकत नाही. तिथे त्याचं शून्य कुणी मोजत नाही आणि बेंचवर कोण बसवलं म्हणून रात्री झोप उडत नाही. साडूंनी खरं तर तिथेच जायला हवं होतं.

"नवव्या फेरीत. लक्षात ठेवते," वहिनी म्हणाल्या. "आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणी उचलला तर?"

"तर त्याला मनापासून अभिनंदन म्हणायचं, आणि त्याच्या चौथ्या वाईट आठवड्याची वाट बघायची. तोपर्यंत चेंडू येत असले तर निम्म्या भावात मागून घ्यायचा. येत नसले तर मागायचाच नाही."

आतून कुकरची शिट्टी झाली. कितवी ते आम्ही दोघींनीही मोजलं नव्हतं. वहिनी निघाल्या आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या. ड्राफ्टची तारीख विचारायची राहिली होती. यंदा ड्राफ्ट गणपतीच्या आदल्या शनिवारी रात्री, मखर लावून झाल्यावर. डॉक्टर आणि साडू दोघंही येणार आहेत, आणि दोघी बहिणींच्या खुर्च्या कुठे ठेवायच्या हे काम मंडळाने वहिनींकडे दिलंय.

"शेजारी शेजारी ठेवा," मी म्हटलं. "आणि ह्यांना सांगा, सोमवारी सकाळी साडूंचा ट्रेडचा फोन आला तर बुधवारपर्यंत उचलू नका."